फिनलंडचा खरा वारसा रॅलीत आहे, फॉर्म्युला वनमध्ये नव्हे

घाटवळण (धागाकर्ता)

फिनलंडचा काले रोवानपेरा २०२५ चा मोसम संपवून रॅली (सर्किटऐवजी खऱ्या रस्त्यांवर एकेका गाडीनं घड्याळाशी लढायची मोटारशर्यत) सोडणार आणि जपानच्या सुपर फॉर्म्युलात, म्हणजे सर्किटवर, उतरणार ही बातमी आली त्या दिवशी मी ती आमच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. रविवारची एफ-वन शर्यत न चुकवणारी मंडळी आहेत ही. बहुतेकांनी विचारलं, "हा कोण?" वयाच्या २२ व्या वर्षी जगज्जेता झालेला, पुढच्या वर्षी परत जगज्जेता झालेला पोरगा. त्याच्याआधी सर्वांत लहान वयात विजेतेपद मिळवण्याचा विक्रम कॉलिन मॅकरेच्या नावावर होता, आणि तो तेव्हा २७ वर्षांचा होता. तरी "हा कोण?" एफ-वनवाल्या किमी रायकोनेनचा फोटो टाकला असता तर रात्री बारापर्यंत गप्पा थांबल्या नसत्या. मला ते फार लागलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं सरळ आहे. फिनलंडनं जगाला जे दिलं ते रॅलीत दिलं. एफ-वनमधलं यश ही त्याच झाडाची एक फांदी आहे, आणि आपण फांदीलाच झाड समजून बसलोय.

आधी आकडे घ्या. एफ-वनमध्ये तीन फिन, म्हणजे फिनलंडचे चालक, जगज्जेते झाले: १९८२ मध्ये केके रोसबर्ग, १९९८ आणि १९९९ मध्ये मिका हाक्किनेन, २००७ मध्ये रायकोनेन. एकूण चार विजेतेपदं. रॅलीत चालकांचं जगज्जेतेपद सुरू झालं १९७९ ला. तेव्हापासून सात फिन मिळून पंधरा विजेतेपदं. युहा कांकुनेन चार, टॉमी माकिनेन चार (तीही सलग, १९९६ ते १९९९), मार्कस ग्रोनहोम दोन, रोवानपेरा दोन, आणि आरी वातानेन, हानू मिकोला, टिमो सालोनेन प्रत्येकी एक. देशाची लोकसंख्या छप्पन्न लाखांच्या आसपास. नुसत्या मुंबईत याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात.

दुसरी गोष्ट. फिनलंडमधल्या युवास्कुलाच्या जंगलात होणारी रॅली, जिला पूर्वी हजार तळ्यांची रॅली म्हणायचे, ती १९५१ पासून चालू आहे. नॉर्डिक देशांबाहेरच्या माणसाला ती जिंकायला १९९० साल उजाडावं लागलं. जिंकली कुणी, तर स्पेनच्या थोरल्या कार्लोस साइन्झनं. जवळपास चाळीस वर्षं ब्रिटिश आले, इटालियन आले, फ्रेंच आले आणि हात हलवत परत गेले.

तिसरी गोष्ट सांगितली की किमीचे चाहते रागावतात, पण सांगतो. किमी २०१० मध्ये एफ-वन सोडून रॅलीत आला. सिट्रोएनची चांगली गाडी हाताशी होती. दोन मोसमांत त्याची सर्वोत्तम कामगिरी तुर्कस्तानात पाचवा क्रमांक. एफ-वनच्या जगज्जेत्याची ही गत झाली. ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्द्यानं बोला, ऐकायला बसलोय.


तिसरा सेक्टर

धागा चांगला आहे, पण मी पूर्ण असहमत आहे.

विजेतेपदं मोजून दोन खेळांची तुलना होत नाही. आधी समोर कोण होतं ते बघा. ऐंशीच्या दशकात कच्च्या रस्त्यावर आणि बर्फावर लहानपणापासून गाडी चालवलेली माणसं मुख्यतः फिनलंड आणि स्वीडनमध्येच होती. त्यांच्याच अंगणात खेळ आणि तेच जिंकले. एफ-वनचं तसं नाही. तिथे इंग्लंड, इटली, ब्राझील, फ्रान्स, जर्मनी, सगळे आपापले कारखाने आणि ट्रॅक घेऊन उभे. फिनलंडकडे काय होतं? आजवर तिथे एफ-वनच्या जागतिक मालिकेची एकही शर्यत झालेली नाही. अलीकडे कुमीरिंग नावाचं मोठं सर्किट बांधलं, मोटारसायकलींची मोटोजीपी येणार म्हणून तारखा ठरल्या, त्या रद्द होत गेल्या आणि शेवटी ती कंपनी दिवाळखोरीत निघाली. अंगणच नसलेल्या देशानं चार विजेतेपदं आणली. माझ्या लेखी ती चार पंधरांपेक्षा जड आहेत.

रोसबर्गला लोक "एकच शर्यत जिंकून जगज्जेता झाला" म्हणून बाजूला टाकतात. त्या १९८२ च्या मोसमात अकरा वेगवेगळे लोक जिंकले होते, हे कुणी सांगत नाही. आणि १९८५ ची इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनची पात्रता फेरी आठवा. टायरमधून हवा जात असताना त्यानं ताशी २५८ किलोमीटरहून जास्त सरासरीनं फेरी मारली. एफ-वनमध्ये ती सरासरी पुढे २००२ पर्यंत कुणाला मोडता आली नाही.

किमीबद्दल एवढंच सांगतो. २००१ ला सौबर संघानं त्याला घेतलं तेव्हा त्याच्या गाठीला मोटारींच्या फक्त २३ शर्यती होत्या. परवाना द्यावा की नाही यावर वाद झाला. पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, सहावा येऊन त्यानं गुण घेतला. २००५ ला जपानच्या सुझुकाला सतराव्या जागेवरून निघाला आणि शेवटची फेरी सुरू होताना पहिल्या वळणावर फिसिकेलाला बाहेरून मागे टाकून जिंकला. ती फेरी मी आजवर किती वेळा पाहिली असेल, मोजदाद नाही.

आणि पाचवा क्रमांक कमी कसा? खडीवर आयुष्य न काढलेला माणूस जगातल्या सर्वोत्तम रॅलीपटूंमध्ये पाचवा आला, जर्मनीच्या रॅलीत एक टप्पाही जिंकला. उलट दिशेनं कोण आलं ते सांगा. रॅलीचा फ्रेंच जगज्जेता, लोएबसारखा लोएब, २००९ ला त्याला एफ-वनमध्ये एक शर्यत करायची होती, परवानाच मिळाला नाही.


घाटवळण

तिसरा सेक्टर, उत्तर मनापासून दिलंत, आभार.

लोएबचं उदाहरण मात्र तुमच्या बाजूचं नाही. त्याला परवाना मिळाला नाही, म्हणजे तो हरला असं नव्हे, त्याला उतरूच दिलं नाही. आणि "अंगणात खेळ" हे मला मान्य नाही. माकिनेननं मित्सुबिशी घेऊन मोंटे कार्लोच्या डांबरी घाटात विजय मिळवलेत. वातानेन आफ्रिकेच्या वाळवंटात चार वेळा डकार रॅली जिंकला. तेही १९८५ च्या अर्जेंटिनातल्या अपघातातून जिवानिशी वाचल्यावर. तिथे कुठे आलं फिनलंडचं जंगल?

रॅलीत एक फेरी पन्नास वेळा मारायला मिळत नाही. आधी दोनदा संथ गतीनं रस्ता बघायचा, को-ड्रायव्हरला नोट्स सांगायच्या, आणि मग त्या आवाजावर भरवसा ठेवून आंधळ्या उंचवट्यावर पाय दाबून ठेवायचा. पलीकडे रस्ता डावीकडे जातो की उजवीकडे, हे डोळ्यांना दिसण्याआधी कानांनी ऐकायचं. हे कौशल्य वेगळ्याच जातीचं आहे.


इंजिनवाला

गॅरेज चालवतो, त्यामुळे मी यंत्राच्या बाजूनं बोलतो. विजेतेपदांचा वाद तुमचा तुम्ही मिटवा.

साठच्या दशकात रौनो आल्टोनेन आणि टिमो माकिनेन (हा वेगळा, टॉमीशी नातं नाही) मिनी कूपर चालवायचे. मिनीला जोर पुढच्या चाकांना. अशी गाडी वळणात जोरात घातली की नाक सरळ जातं, वळत नाही. कितीही स्टिअरिंग फिरवा. या लोकांनी काय केलं, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवला आणि डाव्या पायानं ब्रेक दाबला. पुढची चाकं इंजिन ओढतच असतं, त्यामुळे ती थांबत नाहीत. मागची चाकं मात्र ब्रेकनं अडतात, मागचा भाग हलका होऊन बाजूला सरकतो आणि गाडीचं तोंड आपोआप वळणात येतं. वेग न सोडता. टर्बो आल्यावर याचा दुसरा फायदा झाला, ॲक्सिलरेटर सोडायचा नाही म्हणजे टर्बोचा दाब कमी होत नाही.

आपल्याकडे कुणाला सांगा डाव्या पायानं ब्रेक दाब म्हणून. काचेवर डोकं आपटेल. कारण तो पाय क्लचची सवय झालेला, त्याला अंदाजच नाही किती जोर लावायचा. मी स्वतः रिकाम्या मैदानात करून पाहिलं, तीन आठवडे गेले तेव्हा कुठे पाय हलका झाला. पुढे हेच तंत्र सगळ्या जगानं उचललं, आज एफ-वनमध्ये सगळेच डाव्या पायानं ब्रेक मारतात. तेव्हा घाटवळण, तंत्रापुरता तुमचा मुद्दा पटतो. निसरड्यावर शिकलेला पाय डांबरावर कामाला येतो.


हिमगौरी

मी फिनलंडमध्ये, टाम्पेरेला नऊ वर्षं राहते. पुण्यात फक्त स्कूटर चालवायचे, गाडी इथे आल्यावर शून्यापासून शिकले. त्याबद्दल लिहिते, कारण वरच्या चर्चेत ही बाजू आली नाही.

इथे परवाना काढताना निसरड्या रस्त्यावर गाडी चालवण्याचं प्रशिक्षण घ्यावंच लागतं. माझी पाळी ऑगस्टमध्ये आली, बर्फाचा पत्ता नाही. तर त्यासाठी खास ट्रॅक असतो, पाणी सोडून गुळगुळीत केलेला. शिकवणाऱ्या बाई बाजूला बसल्या होत्या. म्हणाल्या, साठवर जा आणि पूर्ण जोरानं ब्रेक दाब. दाबला तर पायाखाली पेडल थडथड थडथड करायला लागलं, गाडी थांबायचं नाव घेईना. मी घाबरून पाय काढला. त्या म्हणाल्या, काढायचा नाही, दाबून ठेव आणि जिथे जायचंय तिकडे बघ. समोरच्या खांबाकडे बघितलंस तर खांबावरच जाशील. पाचव्या-सहाव्या वेळी मोकळ्या जागेकडे बघितलं आणि गाडी खरंच तिकडे गेली. मला रडू यायचंच बाकी होतं.

हे इथे प्रत्येकाला करावं लागतं, शिक्षिकेला, नर्सला, दुकानदाराला. शर्यतीशी संबंध नसलेल्या माणसालाही गाडी घसरली तर काय करायचं हे अंगानं माहीत असतं. नोव्हेंबर ते मार्च खिळ्यांचे टायर, दुपारी तीनला अंधार, आणि गावाकडचे रस्ते मुरमाचे. त्यात दर शे-दोनशे मीटरवर चढ आणि उतार.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. फिन म्हणजे शांत, थंड, भावना नसलेला, हे भारतात फार ऐकते. माझे शेजारी रॅली बघताना ओरडून ओरडून घसा बसवून घेतात. कमी बोलतात हे खरं, पण ते दुसऱ्याचा वेळ न खाण्याच्या सवयीनं. त्याला थंडपणा म्हणू नका.


स्टँड क्रमांक चार

हिमगौरीताई, शेवटच्या मुद्द्यासाठी खास आभार. मी किमीचा चाहता, आणि "आईसमॅन" या त्याच्या टोपणनावानं मला नेहमी अडचण होते.

२०१३ ला ग्रेटर नोएडाला शेवटची भारतीय ग्रां प्री झाली. मी आणि माझा भाऊ मुंबईहून रेल्वेनं दिल्लीला गेलो, वर्षभर पैसे साठवले होते. किमी लोटसमध्ये होता. टायर लवकर बदलले आणि त्याच टायरवर जवळजवळ शेवटपर्यंत ओढत नेलं. शेवटी शेवटी गाडी वळणाबाहेर सरकायला लागली होती, स्टँडवरून डोळ्यांना दिसत होतं. एकामागून एक लोक पुढे गेले. दोनेक फेऱ्या उरल्या असताना त्याला आत बोलावलं, नवे टायर लावले. सातवा येणार हे ठरलेलं. तो माणूस बाहेर आला आणि शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारून गेला. त्या काळी वेगवान फेरीला गुणही नव्हता, काही मिळणार नव्हतं. ज्याच्यात भावना नाही तो हे का करेल?

२०१२ ला अबू धाबीत रेडिओवर "मला एकटं सोडा, मी काय करतोय ते मला माहीत आहे" म्हणाला, ते वाक्य टी-शर्टवर छापलं गेलं. लोकांना त्यात उद्धटपणा दिसला. मला त्यात कामात बुडालेला माणूस दिसतो.

धाग्याच्या विषयावर: मी तिसरा सेक्टरच्या बाजूनं.


बांधावरून

मला दोन्ही बाजू पटत नाहीत. रॅली की एफ-वन हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न घराण्याचा आणि पैशाचा आहे.

रोवानपेराचे वडील हारी, स्वीडनची रॅली जिंकलेले. कालेचा आठव्या वर्षी गाडी चालवतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, पण किती आठ वर्षांच्या पोरांना घरी तशी गाडी आणि तसा बाप मिळतो? फिनलंडमध्ये वयाची अट आड येत होती म्हणून त्याला लाटव्हियात नेऊन रॅलीत उतरवलं. रॅलीपटू हेन्री टोइवोनेनचे वडील पौली हे १९६६ च्या मोंटे कार्लोचे विजेते. ग्रोनहोमचे वडीलही रॅलीपटू. केकेचा मुलगा निको. (अवांतर: निको २०१६ ला जगज्जेता झाला तो जर्मनीच्या झेंड्याखाली, म्हणून फिनलंडच्या यादीत येत नाही. आला असता तर तिसरा सेक्टर यांचे चारचे पाच झाले असते.) गुणवत्ता देशात पसरलेली असती तर आडनावं अशी परत परत आली नसती.

आणि अलीकडचं बघा. २०२५ ला एफ-वनच्या ग्रिडवर (शर्यत सुरू होतानाच्या रांगेत) एकही फिन नव्हता. बोटासला २०२६ साठी कॅडिलॅक संघानं घेतलं, पण तो तरुण नाही. मागून कोण येतंय? कार्टिंगचा (मुलं ज्या छोट्या उघड्या गाड्यांवर शर्यती शिकतात त्यांचा) खर्च आता श्रीमंतांच्याच आवाक्यात राहिलाय.


तिसरा सेक्टर

बांधावरून, किमीला विसरलात. वडील रस्तेबांधणीच्या कामावर होते. घरात संडास नव्हता, बाहेर होता. जो पैसा यायचा तो मुलांच्या कार्टिंगला जायचा. हे घराणं म्हणायचं?


घाटवळण

आणि टॉमी माकिनेन शेतकऱ्याच्या घरातला. गाडीत बसण्याआधी तो ट्रॅक्टरनं नांगरणीच्या स्पर्धांत उतरायचा. १९८२ आणि १९८५ ला देशाच्या युवा गटात नांगरणीचा विजेता होता! सरळ तास धरणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला विचारा. मागे न बघता, मातीचा पोत बदलला तरी फाळ हलू न देता. चार वेळा जगज्जेता झालेल्या माणसाची पहिली बक्षिसं नांगरणीची आहेत, हे वाचलं तेव्हा मी उठून आत जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांना रॅलीतलं काही कळत नाही, पण हे कळलं.

कांकुनेनही लौकाच्या शेतावर वाढला, सातव्या वर्षी गाडी चालवायला शिकला तो शेतातल्याच रस्त्यांवर.

वडील रॅलीपटू असणं ही मदत असते, नाकारत नाही. पण नुसत्या वडिलांवर पंधरा विजेतेपदं येत नाहीत.


बांधावरून

माकिनेनचं पटलं. तरी शेतावर वाढलेला मुलगा ट्रॅक्टर, जमीन, रिकामे रस्ते घेऊनच वाढला. तीही एक प्रकारची श्रीमंतीच. इंजिनवाला, तुमच्याकडच्या मुलांना रिकामं मैदान तरी मिळतं का?


इंजिनवाला

नाही मिळत. आमच्या कोल्हापूरकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे, मुलं हुशार आहेत, पण टायरचा एक संच बदलायचा तर बापाच्या कपाळावर आठ्या येतात. तुमचा पैशाचा मुद्दा खोटा नाही.


ओली खडी

एका गोष्टीची आठवण करून देते. वरच्या सगळ्या चर्चेत एकही बाई नाही. एम्मा किमिलाइनेननं २०१९ ला नेदरलँड्समधल्या ॲसनला फक्त महिलांच्या डब्ल्यू सीरिजची शर्यत जिंकली, पुढे बेल्जियमच्या स्पालाही जिंकली. तिला मिळालेल्या संधी आणि बोटासला मिळालेल्या संधी शेजारी ठेवून बघा.

दुसरं, हेन्री टोइवोनेनचं नाव आलंच आहे तर कुणीतरी ती पोर्तुगालमधल्या एस्टोरिलची गोष्ट सांगेल, रॅलीच्या गाडीत त्यानं एफ-वनच्या ग्रिडवर सहावा येण्याइतकी वेळ नोंदवली म्हणून. कृपया सांगू नका. तिला पक्का पुरावा कधीच मिळालेला नाही. टोइवोनेनचं मोठेपण सिद्ध करायला दंतकथेची गरज पडत नाही. १९८० ची ब्रिटनमधली रॅली तो २४ व्या वर्षी जिंकला. जागतिक रॅली जिंकणारा सर्वांत तरुण माणूस म्हणून त्याचं नाव २००८ पर्यंत राहिलं. मग लाटवालानं ते मोडलं आणि २०२१ ला रोवानपेरानं लाटवालाचं. तिघेही फिन.


घाटवळण

ओली खडी, ती गोष्ट मी लिहिणारच होतो, खरं सांगतो. तुमचं वाचून खोडली. किमिलाइनेनबद्दलही बरोबर बोललात, माझ्या यादीत ती असायला हवी होती.

टोइवोनेनबद्दल मात्र लिहितो, कारण माझा मूळ मुद्दा तिथेच आहे. २ मे १९८६, कोर्सिका. लँसिया डेल्टा एस-४. डावं वळण, गाडी रस्ता सोडून दरीत गेली आणि पेटली. तो आणि को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो, दोघेही गेले. बरोबर एक वर्ष आधी, त्याच रॅलीत, त्याच तारखेला रॅलीपटू बेटेगा गेला होता. त्यानंतर ग्रुप बी नावाच्या या अतिवेगवान रॅली गाड्यांवर बंदी आली.

आता त्याच्या बरीच वर्षं आधीची गोष्ट. हेल्सिंकीच्या शेजारच्या वान्तामध्ये एका लहान मुलाला वडिलांनी कार्ट आणून दिली. जुनी, वापरलेली. आधी जिच्यावर हेन्री टोइवोनेन शर्यती करायचा, ती. तो मुलगा मिका हाक्किनेन.

तो मोठा झाल्यावर त्याची व्यवस्था बघितली केके रोसबर्गनं. पुढे बोटासच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या लोकांत हाक्किनेन स्वतः होता. रॅलीच्या बाजूला, टॉमी माकिनेननं युवास्कुलाजवळ टोयोटाचा संघ उभा केला, त्याच्यानंतर ती खुर्ची लाटवालाकडे गेली आणि त्या संघाच्या गाडीत रोवानपेरा जगज्जेता झाला. मी झाड आणि फांदी म्हणतो ते हे. वस्तू, माणसं, ओळखी एका हातातून दुसऱ्या हातात जातात.


तिसरा सेक्टर

कार्टची गोष्ट मला माहीत नव्हती. वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

पण मग मी तुम्हाला ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडची आठवण देतो. नोव्हेंबर १९९५, पात्रता फेरी. हाक्किनेनचा मागचा टायर गेला, गाडी भिंतीवर आपटली, समोर टायरांची एकच ओळ. ट्रॅकच्या कडेलाच डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन त्याचा श्वास सुरू केला. पुढच्या मार्चला तो मेलबर्नच्या ग्रिडवर उभा होता. तीन वर्षांनी जगज्जेता. त्यानंतर दोन वर्षांनी स्पाला मागे राहिलेल्या झोंटाच्या एका बाजूनं शूमाकर, दुसऱ्या बाजूनं हाक्किनेन, आणि पुढे निघाला तो हाक्किनेन. तुमची फांदी म्हणा, पण या फांदीनं स्वतःचं वजन स्वतः पेललंय. झाडाचं नाव सांगून तिचं श्रेय काढून घेऊ नका. एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.


घाटवळण

श्रेय काढून घेत नाही. "गत झाली" हा शब्द किमीसाठी वापरला, तो चुकला, तो मागे घेतो. पाचवा क्रमांक मोठाच होता. पण वारसा रॅलीचाच, यावर मीही ठाम आहे. आणि रोवानपेरा सर्किटवर यशस्वी झाला तर तो तुमच्या यादीत न जाता माझ्याच यादीत राहील!


हिमगौरी

बांधावरून यांनी विचारलं होतं, मागून कोण येतंय. त्याला आकड्यांत उत्तर देता येणार नाही, पण मे महिन्यात पाहिलेलं सांगते.

आमच्या शहराबाहेर एक खडीचं मैदान आहे, तिथे जोक्किस होतं. मराठीत "कुणाचीही शर्यत" म्हणता येईल. जुन्या, गंजक्या गाड्या, आतली आसनं काढून लोखंडी पिंजरा घातलेला, काचांच्या जागी जाळी. पंधराव्या वर्षापासून उतरता येतं, रस्त्यावरचा परवाना लागत नाही. आणि नियम असा की शर्यत संपल्यावर, शर्यतीचा परवाना असलेल्या कुणालाही ठरलेल्या रकमेत तुमची गाडी मागता येते. जिंकलेली असो की हरलेली, रक्कम तीच. जास्त जण मागायला आले तर चिठ्ठी टाकतात. नाही म्हणायचं नाही, नाही म्हणालात तर परवाना जातो. त्यामुळे गाडीत लाखो रुपये ओतण्यात काही अर्थच उरत नाही. पैसेवाल्याची चांगली गाडी संध्याकाळी दुसऱ्याच्या ट्रेलरवर चढलेली असते.

शेजाऱ्यांची मुलगी, सोळा वर्षांची, त्या दिवशी उतरली होती. हिवाळाभर आजोबांबरोबर शेडमध्ये खपून गाडी तयार केली होती, दारावर पिवळ्या रंगानं हातानं आकडा रंगवलेला. अंतिम फेरीत ती दुसरी आली. धुळीनं चेहऱ्याचा गॉगलखालचा भागच तेवढा गोरा राहिलेला. अर्ध्या तासात तिघांनी तिची गाडी मागितली. चिठ्ठी निघाली, चाळिशीचा एक माणूस पैसे मोजून देऊन गाडी घेऊन गेला. ती ट्रेलर रस्त्याला लागेपर्यंत बघत उभी होती. मला वाटलं आता रडेल, म्हणून मी जवळ गेले. तिनं पैशांची घडी खिशात घातली आणि आजोबांना विचारलं, पलीकडच्या गावात ती जुनी टोयोटा अजून विकायला आहे का. आजोबा म्हणाले, गिअरबॉक्स गेलाय तिचा. ती म्हणाली, आपल्या शेडमध्ये एक पडलाय.